कातळावरचा टाइम

"मावशे, फाल्यां येतना टाइम घेवन ये हां, विसरा नको," असं गुरुदास फोनवर म्हणाला तेव्हा विनोदिनीला राग आला. मागच्या आठवड्यात ती दोनदा उशिरा पोहोचली होती, हे खरं. पण त्यात तिचा दोष किती आणि पेडण्याच्या बसचा किती, हे हॉटेलातल्या माणसाला काय समजावत बसायचं? टोमणा मारायचा तर सरळ मारावा माणसानं. दुसऱ्या दिवशी तिने पहिलीच बस धरली आणि तांबडी भाजी, मुळा, दोन केळफुलं अशी पाटी घेऊन मांद्र्याच्या त्या हॉटेलच्या मागच्या दाराशी आठाला पंधरा मिनिटं कमी असताना जाऊन उभी राहिली.

"टाइम खंय, मावशे?" पाटी खाली ठेवायच्या आतच गुरुदासनं विचारलं.

विनोदिनीनं हनुवटीनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "थंय बघ. आठ वाजूक पंधरा मिनटां आसत. आणि किती टाइम व्हयो तुका?"

सगळं स्वयंपाकघर हसलं. भांडी घासणारीही हसली, आणि तिचं हसणं विनोदिनीला जास्त लागलं. गुरुदास मात्र हसला नाही. तो मये गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. बोटीवर दहा वर्षं स्वयंपाक करून आता इथं मुख्य आचारी होऊन बसला होता, पण आईच्या वयाच्या बाईला हसू नये एवढं त्याच्या अंगात अजून होतं. त्यानं शीतपेटीतून एक डबी काढून तिच्या हातात दिली. आत काडीएवढ्या बारीक फांद्या आणि त्यांना तिळाएवढी पानं. निम्मी काळी पडलेली.

"ह्यां टाइम. झाडाचां नाव. विमानातसून येता आणि येतासर असां कुसता."

विनोदिनीनं पान चुरगाळून नाकाशी नेलं. ओवा! छे, ओवा नव्हे. ओव्याचाच कोणी चुलत भाऊ, जरा सभ्य, जरा लिंबाच्या सालीत बसून आलेला. गुरुदास सांगत होता, की हे कोंबडीला चोळतात, बटाट्यावर टाकतात, अळंब्यांच्या सुपात घालतात. बोटीवर त्याचा घसा बसला की एक म्हातारा पोर्तुगीज आचारी ह्याच फांद्या उकळून, मध घालून प्यायला द्यायचा. ओव्यात जे सत्त्व असतं तेच यात असतं म्हणे.

"मगे हंयच कित्याक लावणत नाय?"

"जगणा नाय, मावशे." त्यानं खिडकीतली कुंडी पुढे ओढली. त्यातलं झुडूप अर्धं वाळलं होतं. "ह्याका दगड व्हयो, ऊन व्हयां, आणि पाणी नको. गोंयात ऱ्हावन पाणी नको म्हटल्यार खंय जातलां? टाकूकच काढलंय."

विनोदिनी ती कुंडी मांडीवर घेऊन बसमधून घरी आली. दगड आणि ऊन. या दोन गोष्टी मागणारं झाड तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि नेमक्या याच दोन गोष्टी तिच्याकडे हव्या तेवढ्या होत्या.

तिचं घर मोप्याच्या सड्याखाली, ज्या पठारावर आता विमानतळ झाला त्याच्या पायथ्याशी. घराच्या जमिनीचे सहा तुकडे होते, त्यातले वरचे दोन विमानतळाला गेले. उरले कुळागर म्हणजे सुपारीची बाग, परस, खालचं शेत आणि विमानतळाच्या कुंपणाला लागून राहिलेला एक कातळ. कातळ म्हणजे नुसता काळा-तांबडा दगड, मधेमधे भेगा. पण लग्न होऊन ती दोडामार्गाहून आली तेव्हा सासूनं तिला पहिलं काम दिलं ते त्या कातळावर मिरच्या वाळत घालायचं. मिरच्या पसरून तिने मान वर केली तर समोर तिच्या माहेरचा डोंगर दिसला. तिला रडू आलं, मग हसू आलं, आणि तेव्हापासून कातळ तिचा झाला. कागदावर तो थोरल्या दिरांच्या आणि नवऱ्याच्या नावावर होता, ते सोडा. अठ्ठावीस वर्षं तिथं वाळवण घालणारी, गवत काढणारी, तिथं बसून माहेराला मनातल्या मनात हाक मारणारी तीच होती.

आणि तो कातळ आता मुका झाला होता.

हे मुकेपण समजून घ्यायला त्या घराची रीत सांगायला हवी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, रानातली फळं-फुलं, नारळ, सुपारीचे शिपटे, तवशां म्हणतात त्या काकड्या असं सगळं लाकडी चौकटीला लटकवून. ते गोव्यात सगळेच करतात. पण इथं घरानं आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्यानं माटोळीला काहीतरी द्यायचं असे. घरातला थोरला चौरंगावर उभा राहून तुकड्याचं नाव पुकारी, खालून वस्तू त्याच्या हातात जाई आणि तिचं नाव मोठ्यानं सांगितलं जाई. ज्या तुकड्याचं नाव पुकारल्यावर खालून काही येत नाही तो मुका. बोलता तुकडा कोणाला द्यायचा नाही, मुक्याचं काय ते थोरल्यानं ठरवायचं. कातळावर पूर्वी भाद्रपदात हरणां नावाची पिवळी फुलं येत. रस्त्याची खणाखणी झाली, धूळ बसली, फुलं यायची थांबली. चार वर्षं थोरले दीर सगुण "कातळ?" असं पुकारत, कोणी काही बोलत नसे, आणि ते खोकून पुढच्या तुकड्याकडे वळत.

हे सगुण सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हे, पण प्रत्येक गोष्ट कागदावर चढली की त्यांच्या जिवाला बरं वाटे. त्यांच्या दोन वस्तूंना कोणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता: एक फायलींचं कपाट आणि दुसरी काळी, लाकडी मुठीची छत्री. शिगमा सरल्यावर एका दुपारी त्यांनी जेवताना सांगून टाकलं.

"पेडण्याचो एक भाड्याच्या गाडयेवालो इल्लो. विमानतळावयल्या गाडयो ठेवक तेका सपाट जागा व्हयी. कातळ दितंय म्हणान सांगलंय."

विनोदिनीच्या हातातली पळी थांबली. "सही केलास?"

"अजून नाय. पण थंय आतां कितां जाता? चार वर्सां मुको आसा."

"ह्या वर्सा बोलतलो."

"कोण?"

"कातळ."

सगुणांना हसताना ठसका लागला. खोकला हा त्यांचा हल्लीचा पाहुणा होता, आला की तासभर हलत नसे. पाणी पिऊन ते म्हणाले, "बरां. पावसात गाडयेवालो तरी कितां सपाट करतलो? चवथीक माटोळेक कातळाचां कितां लागलां तर मी सही करूचंय नाय. लागला नाय तर मगे माका आडवूक येवचां नाय."

"येवचंय नाय," विनोदिनी म्हणाली.

तिचा नवरा बाबाजी शेजारीच जेवत होता. तुयेच्या कारखान्यात पाळी करणारा, कोणाशी वाकडं न घेणारा. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा म्हणता तां बरोबर, आणि तू म्हणतंस तांय बरोबर." लग्नापासून हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते ऐकू येईनासं झालं होतं.

थोरली जाऊ पद्मावती मात्र उठून पंचांग घेऊन आली, आणि पान उलटून तिने हळूच जीभ चावली. "गो विनोदिनी, ह्या वर्सा अधिक श्रावण. चवथ सप्टेंबरात गेल्या."

म्हणजे जवळजवळ तीन आठवडे जास्त. पाणी नको म्हणणारं झाड, आणि पावसाळा नेहमीपेक्षा लांब. विनोदिनीनं बोटांवर महिने मोजले. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द परत मागायची तिच्या माहेरी पद्धत नव्हती.

ती दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. कुंडीतल्या जित्या भागातून तिने तीस फांद्या खुडल्या आणि ओल्या वाळूत टोचल्या. एकवीस लागल्या. गणपतीच्या घरी एकवीस म्हटल्यावर पद्मावतीनं हात जोडले. विनोदिनीला शकुनाशी घेणं नव्हतं, तिला भेगा हव्या होत्या. कातळावर फिरून फिरून तिने उताराच्या एकवीस भेगा निवडल्या, त्यातली चिकट माती खरवडून काढली आणि चिऱ्याचा चुरा भरला. गुरुदासनं सांगितलं होतं की ह्या झाडाला चुन्याची जमीन आवडते. चुन्याची जमीन ती कुठून आणणार? तिने घरात शिजलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या दोन महिने साठवल्या, कातळावरच दगडानं कुटल्या आणि मूठमूठ भेगेत मिसळल्या. मे महिन्याच्या उन्हात कातळ तव्यासारखा तापे. तिच्या टाचा भाजत, पण झाडं खुशीत होती. आडवी पसरली, दोन झाडांनी तर मुंगीएवढी जांभळट फुलंही धरली.

आता प्रश्न उरला पावसाचा. प्लॅस्टिक घालून पाहिलं तर आत घाम धरला आणि एका दिवसात पानं मलूल झाली. तेव्हा तिला माळ्यावरचं सासूचं इरलं आठवलं. लावणी करताना बायका पाठीवर घेत तसलं, बांबूच्या कामट्यांचं, मधे पानांचा थर दिलेलं. पाणी आत येत नाही आणि वारा अडत नाही. ते वाळवीनं खाल्लं होतं. ती धाकूकडे गेली. धाकू सूप-रोवळ्या विणणारा, पंचक्रोशीत इरलं विणता येणारा तेवढा एकच म्हातारा उरलेला.

"एकवीस इरलीं?" धाकूनं कोयता खाली ठेवला. "कोणाक? आतां सगळे रेनकोट घालतत."

"माणसांक नाय. झाडांक."

"झाडांक पावस लागता?"

"ह्या झाडाक लागता."

दुसरा कोणी असता तर हसला असता. धाकूनं मात्र विचारलं, "वारो खंयसून येता थंय? आणि झाड कितक्या उंच?" वीतभर, असं ऐकल्यावर त्यानं डोकं खाजवून सांगितलं, की इरली बुटकी विणतो, पण ती जमिनीला टेकवायची नाहीत, चार दगडांवर उचलून ठेवायची, नाहीतर आत उबून मरतील. मिरगाच्या आधी त्यानं इरली आणून दिली. विनोदिनीनं मोजली तर बावीस.

"एक ज्यादा आसा."

"तां तुका. झाडां राखतली तेका भिजूक सोडतंस?"

अशी एकवीस इरली कातळावर ओळीनं बसली. विमानतळाच्या रस्त्यावरून पाहिलं की वाटे, एकवीस बायका दगडात वाकून भात लावताहेत. एक टॅक्सीवाला तर गाडी थांबवून विचारायला आला, की हे कुठलं बियाणं. गावात तिला नाव पडलं इरलीवाली. सगुण ओसरीवरून कातळाकडे बघत आणि म्हणत, "लग्नाचो मांडव घातलास, न्हवरो खंय?" विनोदिनी ऐकून घेई आणि वर जाई. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हातांना चिऱ्याचा तांबडा रंग कायमचा बसला होता.

जुलैत आठ दिवस आभाळ फाटलं. वरून पाणी आलं नाही, पण भेगांतून आडवं आलं, आणि ह्याचा विचार ना तिने केला होता ना धाकूनं. एका सकाळी बुडातून तपकिरी झालेली झाडं तिने मोजली, अकरा. ती उपटताना तिला वाईट वाटलं, आणि आपल्यालाच इतकं वाईट वाटतंय याचा रागही आला. उरलेल्या दहांच्या वरच्या अंगाला तिने छिन्नीनं चर मारले, पाणी वळवलं, आणि आतून वारा खेळावा म्हणून झुडपं विरळ केली. छाटलेल्या फांद्या ओंजळभर निघाल्या. त्या टाकवेनात. ओटीत घालून ती खाली स्वयंपाकघरात आली.

तेव्हा अधिक श्रावण लागला होता, आणि पद्मावती अधिकही पाळणारी, निजही पाळणारी. दोन महिने घरात कांदा-लसूण बंद. लसणीच्या फोडणीशिवाय कुळथाची पिठी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. विनोदिनीनं खोबरेल तापवलं, त्यात ओल्या फांद्या चुरडून टाकल्या आणि फोडणी पिठीत ओतली. घरभर वास सुटला. सगुण पाटावर बसले, एक घोट घेतला आणि दचकले.

"गो, लसूण घातलंस?"

"ओवो घातलो," विनोदिनी म्हणाली. टाइम म्हटलं असतं तर त्यांनी वाटी सरकवली असती.

त्यांनी तीनदा पिठी मागून घेतली.

त्याच आठवड्यात त्यांचा खोकला वाढला. रात्री बसून काढायचे. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, पण छातीत अडकलेलं सुटत नव्हतं. विनोदिनीनं आलं, मिरी, गूळ आणि मूठभर फांद्या उकळून पेला पद्मावतीच्या हाती दिला. "ओव्याचो काढो म्हणान सांगा." खोकला काही मंत्र घातल्यासारखा गेला नाही. पण कफ सुटू लागला, रात्रीची झोप लागू लागली, आणि संध्याकाळ झाली की सगुण स्वतःच विचारू लागले, "ओव्याचो काढो जालो काय गो?" ज्या माणसाशी पैज, त्याच्याच छातीसाठी आपण झाडं खुडतोय, असं विनोदिनीच्या मनात यायचं. पण खोकणाऱ्या माणसाला औषध न देण्याइतकी ती वाईट नव्हती, आणि शिवाय छाटल्यानं झाडं सुधारत होती.

ऑगस्टात पाऊस दडी मारून बसला. सगळा गाव आभाळाकडे डोळे लावून होता आणि ती एकटीच मनातून खूश होती. खालच्या शेतातलं भात स्वतःचंच पिवळं पडत असताना खूश व्हायची तिला लाजही वाटे. दहाच्या दहा झाडं गुबगुबीत झाली. आता चवथ लांब नाही, असं ती म्हणू लागली.

आणि सप्टेंबरात पाऊस परत आला, वाराही घेऊन. चतुर्थीला दोन दिवस उरले असताना दुपारी वाऱ्यानं परसातली केळ आडवी केली, तेव्हा विनोदिनी बाविसावं इरलं पाठीवर घेऊन धावतच वर गेली. कातळावर इरली नव्हतीच. काही कुंपणाला जाऊन चिकटली होती, काही दरीत. चर भरून वाहत होते. एक झाड पाण्याखाली, दुसरं मुळांसकट उपटलेलं, तिसरं तर दिसेचना. ती भेगा शोधत वर सरकत गेली. सगळ्यात वरच्या, सगळ्यात अरुंद भेगेत एक झुडूप अजून धरून होतं, पण आडवा पाऊस त्याला झोडपत होता आणि बुडाचा चुरा कणाकणानं वाहून जात होता.

तिने पाठीवरचं इरलं काढलं आणि त्याच्यावर घातलं. दगड ठेवले तर वारा दगडांसकट उचलू लागला. मग ती तिथंच बसली, इरल्याची कड दोन्ही हातांनी दाबून. पाऊस डोक्यावर, मानेवर, पाठीवर. माहेरचा डोंगर कधीच दिसेनासा झाला होता. तिने ठरवलं, आपण उठायचं नाही. देव उठवील तेव्हा उठू.

तासाभरानं कोणीतरी दगडांवरून घसरत, धडपडत वर आलं. बाबाजी. पाळीवरून सुटून आलेला, पायात कारखान्याचे बूट तसेच.

"दादा म्हणता..." त्यानं सुरुवात केली.

"कितां म्हणता?" विनोदिनीनं मान वर न करता विचारलं. पुढचं तिला पाठ होतं.

बाबाजीनं तिच्याकडे पाहिलं. ओले केस कपाळाला चिकटलेले, बोटं पांढरी पडलेली. मग तो इरल्याच्या पलीकडे गुडघ्यांवर बसला. "दादा म्हणता तां म्हणांदी. तू ती बाजू धर, मी ही धरतंय."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यानं बाजू घेतली, आणि घेतली ती अशी, इरल्याची. विनोदिनीला इतकं बरं वाटलं की तिने त्याला बूट काढायलाही सांगितलं नाही. पाऊस मंदावेपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहिली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायला घेतली. सगुण चौरंगावर चढले, हातात केवणीच्या सालीचे दोर. बाबाजी खाली वस्तू देत होता.

"घर?"

"नारळ."

"कुळागर?"

"सुपारीचो शिपटो. आणि हो अननस."

"परस?"

"तवशां."

"शेत?"

"भाताचीं कणसां."

मग सगुण थांबले. काढ्यानं घसा मोकळा झाला होता, तरी सवयीनं खोकले. "कातळ?"

बाबाजी बाजूला सरला आणि विनोदिनी पुढे आली. तिच्या हातात बोटाएवढी एक फांदी होती. तेवढीच खुडली होती तिने, झाडाला जगायला बाकीची लागणार होती.

"टाइम," ती मोठ्यानं म्हणाली.

सगुणांनी मान वळवून घड्याळाकडे पाहिलं. "साडेअकरा."

पद्मावती पदर तोंडाला लावून हसली. सगुणांना कळेना काय झालं. विनोदिनी हसली नाही. तिने हात आणखी वर केला. "ह्या झाडाचां नाव टाइम. कातळाचो टाइम."

सगुणांनी चष्मा नाकावर ओढला. "ह्यां? ह्यां तर तण."

"वास घेवा."

त्यांनी पान चुरडलं, नाकाशी नेलं आणि तसेच उभे राहिले. पुन्हा हुंगलं. "गो पद्मावती, हो वास तर... हो ओव्याच्या काढ्याचो!"

"दोन म्हयने पितास तां ह्यांच," पद्मावती म्हणाली. "पिठीतय ह्यांच. ओवो घरात शिगम्यापासून संपल्लो आसा."

सगुणांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. फसवलं गेल्याचा राग एका गालावर आणि दोन महिन्यांची झोप दुसऱ्या गालावर. पण ते कचेरीतले माणूस, हरकत घेतल्याशिवाय कागद पुढे सरकवायची सवय नव्हती. "तां खरां. पण ह्यां भायलां झाड. माटोळेक भायलां चलता?"

"तुमी आतां बांधलास तो अननस खंयचो?" विनोदिनीनं विचारलं. "काजू खंयसून इले? मिरची खंयसून इली? सगळां फिरंग्यांच्या तारवातसून इल्लां. ह्यां विमानातसून इलां, इतकोच फरक. आणि विमान खंय उतारता? आमच्याच जमनीर."

सगुणांनी त्या फांदीकडे पाहिलं, मग खाली धाकट्या भावजयीच्या हातांकडे. चिऱ्याच्या तांबड्यानं नखं रंगलेली, कातड्याला भेगा. त्यांनी केवणीचा सगळ्यात बारीक दोर निवडला, फांदीला सावकाश गाठ मारली आणि मधोमध, मूर्तीच्या बरोबर वर येईल अशी ती बांधली. मग रीतीप्रमाणे पुकारलं, "कातळ. टाइम."

चार वर्षांनी कातळ बोलला होता. विनोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलं नाही.

तेवढ्यात सगुणांच्या खिशातला फोन वाजला. गाडीवाल्याचाच. चवथीच्या शुभेच्छा, आणि मग जागेचं कधी करूया. सगुणांना तोंडावर नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं. ते माटोळीकडे बघत म्हणाले, "नाय, म्हणजे... कातळार टाइम आसा."

"टाइम आसा? मगे दिवाळी जातकच येतंय," पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं.

सगुणांना सुटल्यासारखं वाटलं. ते फोन ठेवणार तोच विनोदिनीनं हात पुढे केला. "भावोजी, द्या हडे."

त्यांनी दिला.

"आयका," ती म्हणाली. "दिवाळी जाल्यार येव नकात. शिगमो जाल्यारय नको. आसा म्हणजे उरलो आसा असां नाय. थंय टाइम जाता."

"कितां जाता?"

"जाता. रुजता. आज एक झाड आसा, फुडल्या चवथीक ह्या कातळार एकवीस दिसतलीं. तुमी दुसरी जागा बघा." आणि तिने फोन बंद करून दिरांच्या हातात परत दिला.

सगुण चौरंगावरून उतरले. मग फायलींच्या कपाटाकडे जाऊन गाडीवाल्याचा कागद काढला, सहीची जागा कोरीच होती, त्याच्या चार घड्या घालून खिशात ठेवला. "सांजेच्या काढ्याक..." त्यांनी विचारलं, "टाइम उरलो आसा मगे?"

"नाय. खुडूक होती ती एक फांदी, ती वयर बांधलास."

"मगे?"

"मगे थांबा. लागूक टाइम लागतलो."

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. विनोदिनी वर जायला निघाली, झाडाच्या बुडाला चुरा घालायचा होता. पायरीवर होती तेव्हा मागून हाक आली.

"विनोदिनी, तुजां इरलां खंय?"

"झाडार आसा."

सगुण आत गेले आणि खुंटीवरची ती काळी, लाकडी मुठीची छत्री घेऊन आले. कोणी हात लावायचा नाही ती. पायरीवर उभं राहून त्यांनी ती स्वतः उघडली आणि तिच्या हातात दिली.